डेव्हिड ससून (मृत्यू १८६४) आणि कुटुंबाच्या दफनाच्या नोंदी: मूळ कागद कुठे मिळतील?

कैफियत
नमस्कार मंडळी. डेव्हिड ससून आणि त्यांच्या मुलांच्या मृत्यू-दफनांचा तक्ता करतेय. तीन ठिकाणी गाडी अडलीय.
डेव्हिड ससून यांची मृत्यूची तारीख कुठे ५ नोव्हेंबर १८६४ छापलीय, कुठे ७. ब्रिटिश लायब्ररीतल्या मुंबई इलाख्याच्या एन/३ मालिकेत त्यांचं दफन सापडत नाही. आणि थोरले चिरंजीव अल्बर्ट यांची कबर एका पुस्तकात ब्रायटनला, तर दुसऱ्यात लंडनला. खरं काय धरायचं?

जुनं_दप्तर
एन/३ मध्ये शोधण्यात वेळ घालवू नका. त्या मुख्यतः चर्चकडून वर पाठवलेल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला आहेत. ससून बगदादी ज्यू, म्हणजे बगदादकडून आलेले ज्यू. त्यांचं दफन पाद्र्याच्या वहीत येणार नाही, ते सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आणि दफनभूमी सांभाळणाऱ्या विश्वस्तांकडे शोधायचं.

डेव्हिड ससून यांची कबर पुण्यात लाल देवळाच्या, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉगच्या आवारात आहे. सिनेगॉगचं बांधकाम १८६३ला सुरू होऊन १८६७ला संपलं, म्हणजे ते वारले तेव्हा काम चालूच होतं. त्यामुळे स्मारकाचा दगड १८६४चाच असेल असं गृहीत धरू नका. दगड मागाहून बसवतात आणि तारखा तिथेच घसरतात.

आता ५ की ७. ५ नोव्हेंबर १८६४ला शनिवार होता. शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवार सूर्यास्तापासून शनिवार सूर्यास्तापर्यंतच्या विश्रांतीच्या दिवशी ज्यू दफन करत नाहीत, तेव्हा मृत्यू ५चा धरला तर दफन शनिवारी सूर्यास्तानंतर किंवा त्यापुढेच होऊ शकतं. ७ला सोमवार. छापील पुस्तकांत मृत्यूची आणि दफनाची तारीख एकमेकींत मिसळलेली सर्रास दिसते. म्हणून तक्त्यात दोन वेगळे रकाने ठेवा आणि प्रत्येक तारखेपुढे ती कुठून घेतली ते लिहा. एकाच रकान्यात दोन्ही कोंबल्या की पुढे कुणालाच गुंता सुटत नाही.

निवाडा हिब्रू तारखेवर करावा. ५ नोव्हेंबर म्हणजे हिब्रू पंचांगातल्या हेश्वान महिन्याची ६ तारीख, वर्ष ५६२५; ७ म्हणजे ८ हेश्वान. हिब्रू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे संध्याकाळनंतरचा मृत्यू असेल तर इंग्रजी तारीख एकाने मागे येते. ऑनलाइन कॅलेंडरमध्ये ‘सूर्यास्तानंतर’ अशी खूण करायची सोय असते, ती विसरू नका.

कैफियत
दगडावर वर्ष आकड्यांत नसतं ना? अक्षरं कशी लावायची?

जुनं_दप्तर
प्रत्येक हिब्रू अक्षराला किंमत असते. ५६२५ साठी तव ४००, रेश २००, काफ २०, हे ५. बेरीज ६२५. वरचे पाच हजार बहुतेक वेळा कोरतच नाहीत. ६२५ मध्ये १२४० मिळवले की १८६५ येतं, पण हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं. तेव्हापासून डिसेंबर अखेरपर्यंतच्या तारखांना १२३९ मिळवायचे. हेश्वान त्यातच येतो, म्हणून १८६४. एक वर्षाची चूक हमखास होते ती इथेच.

फोटो काढताना प्रकाश बाजूने तिरका पडू द्या, समोरून फ्लॅश मारला तर कोरीव अक्षरं सपाट दिसतात. काफ आणि बेत ही अक्षरं झिजलेल्या दगडावर अगदी सारखी दिसतात, एक २० आणि दुसरं २, म्हणजे थेट १८ वर्षांचा फरक! अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू घासणं, तारेचा ब्रश, अ‍ॅसिड यातलं काहीही नको. आत जायला आधी लेखी परवानगी घ्या, ओळखपत्र जवळ ठेवा, आणि शनिवार व ज्यू सणांचे दिवस टाळा.

वंशावळ_वेडा
नावांबद्दल थोडं. आपल्यासारखीच पद्धत: स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. ‘एस. डी. ससून’ म्हणजे डेव्हिड यांचे पुत्र ससून. ते १८६७ला लंडनमध्ये वारले. शिवाय विलायतेत गेल्यावर नावं बदलली, अब्दुल्लाचे अल्बर्ट झाले, फर्हाच्या फ्लोरा. हिब्रू लेखात इंग्रजी नाव शोधाल तर हाती काही लागणार नाही. ‘बेन’ (मुलगा) किंवा ‘बत’ (मुलगी) नंतर येणारं वडिलांचं नाव आधी वाचा, ते जुळलं तरच माणूस तोच.

मुंबईत चिंचपोकळीची ज्यू दफनभूमी बघा, पण ती १८७८ची. डेव्हिड यांचे पुत्र एलियास ससून यांनी मुलगा जोसेफ याच्या स्मरणार्थ दिलेली. त्याआधीचे मृत्यू तिथल्या वहीत शोधू नयेत. १८५५ ते १८६६ या काळात मुंबईतून ‘दोरेश तोव ले-अम्मो’ हे हिब्रू लिपीतलं अरबी पत्र निघत असे. १८६४च्या नोव्हेंबरचे अंक त्यात आणि टाइम्स ऑफ इंडियात, दोन्हीकडे तपासा.

टेम्सकाठ
अल्बर्ट यांच्याबाबत दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत. २४ ऑक्टोबर १८९६ला ते ब्रायटनला वारले आणि तिथेच स्वतः बांधलेल्या घुमटाच्या समाधीत त्यांना ठेवलं. पुढे मुलगा एडवर्ड यांनाही (मृत्यू १९१२) तिथेच ठेवलं. १९३३ला नातू फिलिप यांनी ती वास्तू विकली आणि दोघांचे अवशेष लंडनच्या विल्सडेन ज्यू दफनभूमीत हलवले. तेव्हा तक्त्यात ‘पहिलं दफन’ आणि ‘पुनर्दफन’ असे दोन रकाने करा.

इंग्लंडमधल्या मृत्यूंसाठी तिथली सरकारी नोंदणी १८३७पासूनची आहे आणि इच्छापत्रांची वार्षिक सूची १८५८पासूनची. आधी सूची उघडा: मृत्यूची तारीख, ठिकाण आणि इच्छापत्र अमलात आणणाऱ्यांची नावं एकाच ओळीत मिळतात. मग त्या तिमाहीचा दाखला मागवा. दाखल्यावर दफनाची जागा नसते, म्हणून विल्सडेनची वही वेगळी बघावीच लागते, आणि अल्बर्ट यांची तिथली नोंद १८९६ नव्हे, १९३३ या सालाखाली शोधा.