चौथीच्या मुलांना नकाशा कसा शिकवू?

खाडीकाठची_बाई

नमस्कार. मी गुहागर तालुक्यात, दाभोळ खाडीच्या काठावरच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. तिसरी-चौथी एकाच खोलीत बसतात. मुलं खाडीत वाढलेली. कुठल्या खडपावर कालवं मिळतात, ओहोटीला होडी कुठे रुतते, धोपाव्याची फेरीबोट पलीकडे दाभोळला कशी लागते, हे सगळं तीच मला सांगतात. पण भिंतीवर रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा टांगला की हीच मुलं गप्प होतात.

परवा विचारलं, वाशिष्ठी कुठून कुठे वाहते? चौथीतल्या एका चुणचुणीत मुलीने नकाशाच्या वरच्या कडेला बोट ठेवलं आणि सरळ खाली राजापूरपर्यंत आणलं. पाणी वरून खालीच जातं ना बाई, म्हणाली. दुसरा म्हणतो, "समुद्र तर ह्या हाताला आहे, नकाशात त्या हाताला का?" आमचा नकाशा फळ्याशेजारी, दक्षिणेच्या भिंतीवर आहे. त्याच्याकडे तोंड केलं की खिडकीतली खाडीची बाजू, समुद्र, सगळं उजवीकडे येतं आणि नकाशात समुद्र डावीकडे.

"पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला अरबी समुद्र" हे मुलं घडाघडा म्हणतात. मला तेवढं पुरत नाही. त्यांना खाडीबद्दल जे कळतं आणि कागदावर जे छापलंय ते एकच आहे, हे त्यांना दिसायला हवं. कुणी असं करून पाहिलंय का? आमच्याकडे प्रोजेक्टर नाही, अंगण मात्र मोठं आहे.

पुण्याचा_चाकरमानी

ताई, मोबाईलवर उपग्रहाचं चित्र उघडा आणि आधी शाळेचं छप्पर शोधायला लावा. माझ्या पुतण्याने आमच्या वाडीची विहीर शोधली आणि मग खाडीच्या कडेकडेने बोट फिरवत थेट चिपळूणपर्यंत गेला.

सड्यावरचे_गुरुजी

बाई, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. राजापूर तालुक्यात सड्यावरच्या शाळांतून माझी सगळी नोकरी झाली. मोबाईलचं चित्र चांगलंच, पण ते नंतर. आधी एक सोपी गोष्ट करा: नकाशा उत्तरेच्या भिंतीवर हलवा. मग मुलांचं तोंड उत्तरेला, डाव्या हाताला खरा समुद्र आणि नकाशातलाही समुद्र. खिळा ठोकण्याइतकंच काम आहे आणि निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

उरलेला निम्मा भिंतीमुळे होतो. उभ्या भिंतीवर उत्तर आभाळाकडे जाते, म्हणून तुमच्या मुलीची नदी मुंबईकडून गोव्याकडे वाहिली. तिने पाण्याचा नियम बरोबर लावला, कागद तेवढा चुकीचा उभा होता. तेव्हा नकाशा भिंतीवरून काढून अंगणात आडवा पसरा. उत्तर दिशा मुलांनाच शोधून काढू द्या. काठी रोवा आणि साडेबाराच्या आसपास सावली सर्वांत आखूड होईल तेव्हा तिच्यावर रेघ मारा. आपल्याकडे पाऊस सरल्यापासून एप्रिलपर्यंत ती सावली उत्तरेलाच पडते. मे ते जुलै मात्र हा प्रयोग टाळा. त्या दिवसांत सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो, सावली दक्षिणेला पडते. आणि ढग असतात ते वेगळेच.

नकाशा त्या रेघेवर ठेवला की मग माती. तुमच्याकडे तांबडी माती आणि जांभ्याचे तुकडे हवे तेवढे मिळतील. एका किलोमीटरला एक वीत धरा. गुहागरच्या किनाऱ्यापासून घाटमाथा सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर, म्हणजे पन्नासेक विती, अंगणात बसतं. पूर्वेला जांभ्याचा सह्याद्री रचा, पश्चिमेला खळगा करून समुद्र करा आणि माथ्यावर तांब्याने पाणी ओता. पाणी आपली वाट आपण काढतं. वाशिष्ठी पूर्वेकडून पश्चिमेला का येते ते तुम्हाला सांगावंच लागणार नाही.

ह्याच्या पुढची मजा मुलांना फार आवडते. सावित्री आणि कृष्णा दोन्ही महाबळेश्वरच्या डोंगरातल्या. सावित्री पश्चिमेला उतरून शंभरेक किलोमीटरवर बाणकोटला समुद्राला मिळते. कृष्णा पूर्वेला वळते आणि सुमारे 1400 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला. त्याच मापाने दोऱ्या कापा. सावित्रीची दोरी अंगणात मावेल. कृष्णेची धरून मुलं पाव किलोमीटरच्या पुढे जातील, बहुधा पार पाणंदीत. आपल्या नद्या आखूड आणि वेगवान का, हे तिथे चालत चालत कळतं.

आणि कोयना विसरू नका, ती तर तुमच्याच खाडीची गोष्ट आहे. कोयना मुळात कऱ्हाडला कृष्णेला मिळते. पण धरणातलं पाणी बोगद्यांतून पोफळीला खाली आणून वीज करतात आणि तिथून ते तुमच्या खाडीला येणाऱ्या वाशिष्ठीत सोडतात. म्हणजे घाटापलीकडे पडलेला पाऊस तुमच्या शाळेसमोरून समुद्रात जातो. तुमच्या मातीच्या सह्याद्रीत एक पोकळ बांबू आडवा घाला आणि त्यातून पाणी सोडा.

पावसाचंही असंच करता येतं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हा आकडा मुलांना काहीच सांगत नाही. पण तीन हजार मिलिमीटर म्हणजे तीन मीटर. शिडी लावून भिंतीवर तेवढ्या उंचीची खडूची रेघ मारा. मग माणदेशाची मारा, अर्ध्या मीटरच्या जवळपास. ती मुलांच्या मांडीशी येते. दारापेक्षा उंच रेघ आणि मांडीइतकी रेघ शेजारी शेजारी पाहिल्या की घाटापलीकडे भात का नाही आणि बाजरी का, हे मुलं आपणहून विचारतात.

हर्णै_बंदर

बाई, मी शिक्षक नाही, आमच्या घरी मासेमारी. भरती-ओहोटी घ्याच. आमच्या आजोबांचा हिशेब असा होता: तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. बंदराप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, आणि खाडीत जेवढं आत जाल तेवढी भरती उशिरा लागते. पुढची भरती साडेबारा तासांच्या आत-बाहेर, आणि रोजची वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे सर्वांत मोठी भरती, आणि अष्टमीला भांग, म्हणजे सर्वांत लहान. चौथीला पाढे आहेतच, पाऊणकीही शिकवा.

फक्त मुलांना चिखलात उतरवू नका. धक्क्यावर खुणा केलेला बांबू बांधा आणि मोठं माणूस सोबत ठेवा.

चिपळूणची_आई

गुरुजींनी लिहिलेलं सगळं पटतं, एक भर घालते. 22 जुलै 2021 च्या पुरात आमचा तळमजला बुडाला. माझ्या मुलाला अजूनही पाऊस वाढला की झोप येत नाही. मातीचा उतार केला की चिपळूण कुठे येतं तेही मुलांना दाखवा: डोंगरातून वेगाने आलेलं पाणी सपाटीवर मंदावतं ती जागा. समुद्राच्या खळग्यात भरती असल्यासारखं आधीच पाणी भरून ठेवा आणि मग वरून ओता, पाणी कसं तुंबतं ते दिसेल. पुराची भीती वाटणाऱ्या मुलाला पाणी का चढलं हे कळलं तर फार आधार होतो, हे मी घरात पाहिलंय.

खाडीकाठची_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. नकाशा आज उत्तरेच्या भिंतीवर गेला. "समुद्र कुठल्या हाताला?" विचारल्यावर तिसरीतल्यांनीही न चुकता डावा हात वर केला.

गुरुजी, मातीचं काम शनिवारी घेते, पालकांनाही बोलावलंय. हर्णैच्या दादांचा हिशेब मुलांना दिला तर एक मुलगा म्हणाला, आमचे आबा असंच मोजतात. त्या आबांनाच धक्क्यावर बांबू बांधायला बोलावते. चिपळूणच्या ताई, समुद्र भरून ठेवायचं मला सुचलं नसतं. ते नक्की करते.

एकच विचारायचं राहिलं, गुरुजी. विती मुलांच्या घ्यायच्या की माझ्या? प्रत्येकाची वेगळी भरते, आणि त्यावरून आजच वर्गात वाद सुरू झालाय.

सड्यावरचे_गुरुजी

वाद होऊ द्या. प्रत्येकाच्या वितीने एकदा मोजून घ्या, मग एकाच मुलाची वीत काठीवर कोरा आणि तीच सगळ्यांनी वापरायची. प्रमाण म्हणजे काय हा पुढचा धडा आहे, तो तुम्ही सुरूच केलाय.