मदत हवी आहे: पायातला स्टेंट पुन्हा अरुंद झालाय, औषधी बलून करावा का?

नमस्कार मंडळी. माझे बाबा ६८ वर्षांचे, जुना मधुमेह. दीड वर्षापूर्वी उजव्या मांडीच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला होता. दिवाळीपर्यंत रोज देवळापर्यंत चालत जायचे. आता शंभर पावलांतच पोटरी भरून येते, थांबावं लागतं. डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) स्टेंटच्या आतच पेशी वाढून वाट अरुंद झाल्याचं दिसलं.

डॉक्टर पॅक्लिटॅक्सेल हे औषध लावलेला बलून सुचवताहेत. तो अरुंद जागी नेऊन काही मिनिटं फुगवून धरतात, औषध भिंतीत मुरतं आणि पेशींची वाढ रोखतं. नवीन धातू आत राहत नाही. २०१५च्या फेअर नावाच्या, अशाच रुग्णांवरच्या चाचणीत सहा महिन्यांनी पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण साध्या बलूननंतर ४४.७ टक्के, औषधी बलूननंतर १५.४ टक्के होतं. पण पुढच्या दोन-तीन वर्षांचं काय?

२०१८ मध्ये या औषधामुळे मृत्यू वाढतात अशी शंका आली होती. ते वाचून आई फार घाबरली. २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) उपलब्ध माहितीवरून तसा धोका दिसत नाही असं सांगितलं, तेव्हा कुठे जीवात जीव आला.

कुणाच्या घरी हा बलून केलाय का? किती काळ टिकला? खर्च किती आला, विम्याने दिला का? की थेट बायपास केलेला बरा? बाबांची सिगारेट सुटलीय, एवढं नक्की.