शेवटच्या प्रकरणात लेखिकेने स्वतःचाच नियम मोडला का? (शेवट फोडलाय, कादंबरी वाचून मगच या)

ओली_पावलं

काल रात्री दोन वाजता संपवली आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये, म्हणून धागा काढतेय. नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांनी वाचलीये त्यांना नारायण पेठेतला वाडा, लंबकाचं घड्याळ आणि पानशेतचा पूर एवढ्यावरून लगेच कळेल, आणि ज्यांना वाचायचीये त्यांनी प्लीज इथूनच मागे फिरा.

तर नायिका आजीच्या वाड्यात सामान आवरायला येते, वाडा पडायचाय. मामाआजोबा तिला दारात किल्ली देतात आणि जातात. माजघरातलं घड्याळ तिला दर बुधवारी १९६१ मध्ये घेऊन जातं आणि आजीची धाकटी बहीण, जी १२ जुलैला गेली, ती पुरात गेली की तिला कोणी नेलं हे कोडं आहे. पहिली अडीचशे पानं लेखिका एकच गोष्ट परत परत दाखवते की मागे जाऊन काहीही करा, ते आधीच झालेलं असतं. कोनाड्यात सापडलेली चिठ्ठी नायिकेनेच ठेवलेली निघते, जिन्याखाली उमटणारी ओली पावलं तिचीच निघतात. तो पावलांचा उलगडा वाचताना मी खरंच उठून दिवा लावला होता. आणि मग शेवटच्या प्रकरणात ती धाकटीला हाताला धरून ओढत माडीवर नेते, परत येते तर भिंतीवर धाकटीच्या लग्नाचा फोटो! मग आधीच्या अडीचशे पानांचं काय? मला फसवल्यासारखं वाटलं, रडू पण आलं, आणि दोन्ही एकदम का वाटतंय हे कळत नाहीये. तुम्हाला काय वाटलं?

समांतर

प्रश्न अगदी योग्य आहे. काळात मागे जायच्या गोष्टींचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. पहिल्यात भूतकाळ पक्का, तुम्ही जे कराल ते आधीच इतिहासात धरलेलं. यावर इगोर नोविकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात रीतसर मांडणी केली की असा प्रवास शक्य असलाच तर विसंगती निर्माण करणारी घटना घडूच शकणार नाही. तुमची चिठ्ठी आणि पावलं यात बसतात. दुसऱ्यात फाटा फुटतो आणि इतिहास वेगळ्या रस्त्याने जातो. नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' आठवा, विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे हुकते आणि पुढचं सगळंच बदलतं. पण तिथे पंत वेगळ्या जगात जाऊन परत आपल्याच जगात येतात, आपल्या जगाचा इतिहास जागचा हलत नाही. या कादंबरीत मात्र एकच जग आहे आणि तेच बदललंय, म्हणजे पहिल्या प्रकारात सुरुवात करून शेवटी दुसऱ्यात उडी. माझ्या मते ही चूकच आहे. भाषा कितीही सुंदर असली तरी रहस्यकथेत नियम पाळायलाच हवेत, कारण वाचक त्याच नियमांवर अंदाज बांधत असतो.

आइनस्टाइनच्या समीकरणांतून मागे नेणारे रस्ते निघतात हे गणितज्ञ गोडेलने १९४९ मध्येच दाखवलं होतं, त्यामुळे कल्पनेला माझा अजिबात विरोध नाही, फक्त एकाच पुस्तकात दोन्ही नकोत.

मुठाकाठ

मी कादंबरीकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो कारण त्या दिवशी मी नऊ वर्षांचा होतो आणि आम्ही शनिवार पेठेत राहायचो. आजकाल बरेच जण समजतात पूर रात्री आला, तसं नाही, सकाळी पानशेत धरण फुटलं, नदी चढायला लागली आणि मग दुपारी खालचं खडकवासलाही फुटलं. लेखिकेने हे बरोबर धरलंय, वार पण बुधवारच होता, आणि मधले ते तासच तिने नायिकेला दिलेत. ती घरोघरी सांगत फिरते आणि कोणी ऐकत नाही, ते प्रकरण मला एका बैठकीत वाचवलं नाही. आमच्याकडेही असंच झालं होतं. धरण फुटलं असं कोणीतरी ओरडत गेलं आणि आई म्हणाली अफवा आहे, आणि तिने भाताला पाणी ठेवलं. नंतर आम्ही पर्वतीच्या बाजूला पळालो.

परत आलो तेव्हा स्वयंपाकघरात मांडीएवढा गाळ होता. वडील फावड्याने उपसत होते आणि तो भाताचा पितळी टोप झाकणासकट वर आला, आत शितं तशीच आणि वर बोटभर चिखल. नळाला पाणी नाही, कारण शहराला पाणी खडकवासल्याचंच, आणि वाड्याचा आड गाळाने भरलेला. पूर येऊन गेलेल्या गावात प्यायला पाणी नव्हतं हे आज सांगून कोणाला खरं वाटत नाही. आमच्या शेजारचं बिऱ्हाड नंतर गोखलेनगरला गेलं.

नियम मोडला का ते तुम्ही तरुण मंडळी ठरवा. ती मुलगी वाचली तेव्हा मी पुस्तक छातीवर ठेवून बराच वेळ पडून राहिलो एवढं खरं.

तळटीप

यात नवीन काही नाही हो, आपल्याकडे भागवतात ककुद्मी राजा आपल्या मुलीला, रेवतीला घेऊन ब्रह्मलोकात जातो, तिथलं गाणं संपेपर्यंत थांबतो आणि तेवढ्यात इथे सत्तावीस चतुर्युगं उलटतात. मला मधला भाग लांबलेला वाटला, बाकी छान.

चावी_आठ_दिवसांची

सगळ्यांना विनंती की परत एकदा घड्याळाकडे नीट बघा, कारण माझ्या मते लेखिकेने एकही नियम मोडलेला नाही. माझे बाबा घड्याळं दुरुस्त करायचे, तपकीर रंगाच्या मेजावर भिंग लावून बसायचे आणि मी शेजारी बसून गृहपाठ करायचे, त्यामुळे हे पुस्तक मी वेगळंच वाचलं.

जुन्या टोल्याच्या घड्याळाला चावीची दोन भोकं असतात. एक काटे चालवणाऱ्या स्प्रिंगचं आणि दुसरं ठोक्यांचं. दोन्ही यंत्रं वेगळी. जुन्या बऱ्याच घड्याळांत ठोके मोजणारी एक खाचांची चकती असते, ती फक्त पुढे जाते, एकानंतर दोन, दोनानंतर तीन. काटे कुठे आहेत हे तिला माहीतच नसतं. म्हणून बाबा गिऱ्हाइकाला दहादा बजावायचे की काटे हाताने मागे नेऊ नका, ठोके चुकतील.

आता चौथं प्रकरण काढा. घड्याळात आठ वाजलेत आणि ठोके पडतात अकरा. आपण सगळ्यांनी ते भुताटकी म्हणून वाचलं. पण त्याचा साधा अर्थ असा की दहा वाजून गेल्यावर कोणीतरी काटे तीन तास मागे नेलेत आणि ठोक्यांची मोजणी आपली पुढे चालू आहे. आणि पहिल्या प्रकरणात मामाआजोबा किल्ली देताना काय सांगतात? "डाव्या भोकाला चावी देऊ नकोस." ते ठोक्यांचं भोक आहे!

म्हणजे वेळ मागे नेता येते, ठोके मागे जात नाहीत. त्या दिवशी वाड्यातलं एक माणूस जाणार ही मोजणी होती, ती तशीच राहिली. कोण, एवढंच बदललं. समांतर, तुमचा भूतकाळ पक्काच आहे, फक्त तो नावाने पक्का नाहीये, आकड्याने आहे.

समांतर

हे मला अजिबात दिसलं नव्हतं. पण मग धाकटीच्या जागी कोण गेलं? शेवटच्या प्रकरणात पुरात कोणी गेल्याचा उल्लेखच नाही.

ओली_पावलं

ताई, तुमचा प्रतिसाद वाचला आणि ऑफिसमधून रजा टाकल्यासारखी घरी पळत आले. पहिलं आणि शेवटचं प्रकरण शेजारी ठेवून वाचलं.

पहिल्या प्रकरणात किल्ली मामाआजोबा देतात, त्यांचा हात थरथरतो, किल्लीला लाल दोरा असतो. शेवटी नायिका परत येते, फोटो बघते, रडते, आणि दाराला कुलूप लावायला किल्ली घेते ती खुंटीवरून. तोच लाल दोरा. किल्ली तिथे कोणी ठेवली हे लेखिका सांगत नाही आणि मामाआजोबांचं नाव त्या सबंध प्रकरणात एकदाही येत नाही. धाकटीला माडीवर नेताना खाली अंगणात एक मुलगा तिला हाका मारत असतो, "ताई, ताई", आणि नायिका मागे वळून बघत नाही. मी तो मुलगा शेजारचा समजले होते.

मी फसवलं म्हणाले ते मागे घेते. पण आता वेगळाच त्रास सुरू झालाय, नायिकेला हे कळलंय का? ती किल्ली हातात घेऊन क्षणभर थांबते एवढंच लिहिलंय.

मुठाकाठ

मला वाटतं कळलेलं नाही. तिच्यासाठी ते मामाआजोबा कधी झालेच नाहीत ना. आपल्याला ते आठवतात कारण आपण पहिलं प्रकरण वाचलंय.

चावी_आठ_दिवसांची

काका, पण मग ती थांबते कशाला? मी आज रात्री ते पान परत वाचते, घड्याळाचा आवाज चालू आहे की बंद ते बघायचंय.