नवीन ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर गेममध्ये पडदा काळा होतो: कार्ड परत करावे की पॉवर सप्लाय बदलावा?

धागाकर्ता:
गेल्या आठवड्यात मी डेस्कटॉपमधील जुने ग्राफिक्स कार्ड काढून त्याजागी दुसऱ्या कंपनीचे, २२० वॅट वीज घेणारे आणि आठ पिनांच्या दोन जोडण्या असलेले नवीन कार्ड बसवले. विंडोज नीट सुरू होते, दिवसभर व्हिडिओ पाहिले तरी काही तक्रार नसते. परंतु कोणताही जड गेम सुरू केला की दहा-पंधरा मिनिटांत पडदा काळा होतो, कार्डाचे पंखे पूर्ण वेगाने फिरू लागतात आणि आवाज मात्र थोडा वेळ ऐकू येत राहतो. शेवटी बटण दाबून धरून संगणक बंद करावा लागतो. पॉवर सप्लाय ५५० वॅटचा आणि सात वर्षे वापरलेला आहे. प्रोसेसर ६५ वॅटचा असल्याने कागदावरची बेरीज ३५० च्या पुढे जात नाही. कार्ड परत करण्याची मुदत आठ दिवसांत संपते आहे, म्हणून जाणकारांनी सल्ला द्यावा ही विनंती.

प्रतिसाद १:
कंपनी बदलली आहे, तेव्हा जुन्या कार्डाचे ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवता येण्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर) आधी मुळापासून काढा. ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ हे साधन सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच सॉफ्टवेअरसह सुरू होते त्या अवस्थेत) चालवा आणि त्या वेळी इंटरनेट तोडून ठेवा, नाहीतर तुम्ही नवीन ड्रायव्हर घालण्याआधीच विंडोज स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर घालून मोकळे होते. बायोसही (संगणक सुरू करणारे मदरबोर्डवरचे सॉफ्टवेअर) अद्ययावत करून टाका.

प्रतिसाद २:
ड्रायव्हरबाबत सहमत आहे, बायोसबाबत नाही. जे यंत्र अधूनमधून अडकते त्यावर कारण कळण्याआधी बायोस बदलणे म्हणजे एका अडचणीत दुसरी ओढवून घेणे होय, कारण ते काम अर्ध्यावर थांबले तर मदरबोर्डच सुरू होणार नाही.

आपल्या वर्णनात सर्वांत उपयोगी तपशील आवाजाचा आहे. अतिभारामुळे पॉवर सप्लायने स्वतःला बंद केले असते तर संपूर्ण संगणक क्षणात विझला असता किंवा पुन्हा सुरू झाला असता. इथे प्रोसेसर आणि मेमरी चालू राहून फक्त कार्ड हातचे जाते आहे. म्हणून संशय कार्ड, त्याला मिळणारी वीज आणि ड्रायव्हर या तिघांवरच राहतो. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’, म्हणजे संगणक नीट बंद न होता थांबल्याची नोंद, दिसेल, पण त्यावरून निष्कर्ष काढू नये, कारण बटण दाबून बंद केले तरी तीच नोंद होते. त्याच्या आधीच्या मिनिटात ‘डिस्प्ले ४१०१’ अशी नोंद आहे का ते पाहावे. ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले व तो सावरला, असा तिचा अर्थ असतो.

आता एक बिनखर्चाची चाचणी. कार्डाच्या नियंत्रण सॉफ्टवेअरमधून पॉवर लिमिट (कार्डाने जास्तीत जास्त किती वीज घ्यावी ती मर्यादा) सुमारे ७५ टक्क्यांवर आणावी आणि तोच गेम तासभर चालवावा. बिघाड नाहीसा झाला तर वीज किंवा उष्णता यांच्याकडे बोट जाते. तसाच राहिला तर ड्रायव्हरकडे किंवा कार्डाकडे. चाचणीच्या वेळी तापमान टिपून ठेवावे, म्हणजे त्या दोहोंतही फरक करता येईल. आणखी एक विचारतो: आठ पिनांच्या दोन्ही जोडण्या एकाच केबलच्या दोन टोकांवरून दिल्या आहेत का?

धागाकर्ता:
होय, एकाच केबलवरून. ड्रायव्हर सांगितल्याप्रमाणे बदलले, फरक पडला नाही. ४१०१ ही नोंद कुठेच नाही. पॉवर लिमिट ७५ टक्के ठेवली तेव्हा दोन तास काहीही झाले नाही. पूर्ववत केल्यावर अकराव्या मिनिटाला पडदा काळा. तापमान दोन्ही वेळा ७० अंशांच्या आतच होते.

प्रतिसाद २:
मग उष्णता बाजूला ठेवू. पीसीआय-ई स्लॉट, म्हणजे मदरबोर्डवरची कार्ड बसवण्याची खाच, जास्तीत जास्त ७५ वॅट देतो आणि आठ पिनांची प्रत्येक जोडणी १५० वॅटसाठी आखलेली असते, त्यामुळे सरासरी पाहता आपली एक केबलही कमी पडू नये. परंतु आजची कार्डे काही मिलिसेकंदांपुरती सरासरीपेक्षा कितीतरी अधिक वीज ओढतात, आणि त्या क्षणी जुन्या पॉवर सप्लायचा १२ व्होल्टचा पुरवठा खाली गेला तर कार्ड कोलमडते. आपली बेरीज चुकलेली नाही, पण असे झटके बेरजेत दिसत नाहीत. संगणक बंद करून, भिंतीवरचा प्लग काढून, दोन स्वतंत्र केबल लावा. प्रोसेसरची आठ पिनांची केबल दिसायला तशीच असते, पण तिची तारांची मांडणी वेगळी आहे. ती इथे जबरदस्तीने बसवू नये. सहा अधिक दोन पिनांचे दोन्ही तुकडे एकत्र धरून खटका वाजेपर्यंत दाबावे, आणि बाजूचे झाकण लावल्यावर ते केबलला रेटत नाही ना, हेही पाहावे.

धागाकर्ता:
स्वतंत्र केबल लावल्यावर दोन दिवस ठीक गेले, तिसऱ्या दिवशी तोच प्रकार झाला. मग भावाचा ७५० वॅटचा पॉवर सप्लाय त्याच्या केबलसह चार दिवसांसाठी जोडला. पॉवर लिमिट पूर्ण ठेवून रोज तीन-तीन तास खेळलो, एकदाही अडथळा आला नाही. कार्ड ठेवतो आणि पॉवर सप्लाय बदलतो. ६५० वॅट पुरेल का? जुन्या केबल आधीच पेटीत नीट ओवलेल्या आहेत, त्या तशाच ठेवून फक्त पॉवर सप्लाय बदलण्याचा विचार आहे.

प्रतिसाद १:
६५० पुरेल. वॅटपेक्षा एटीएक्स ३.० किंवा त्यानंतरच्या मानकाचा (एटीएक्स हे डेस्कटॉपच्या पॉवर सप्लायचे मानक) घेण्यावर भर द्यावा. क्षणिक झटके सोसण्याच्या अटी त्या मानकात स्पष्ट घातलेल्या आहेत.

प्रतिसाद २:
जुन्या केबल मात्र कृपया एकही ठेवू नका. मॉड्युलर, म्हणजे पॉवर सप्लायपासून सुट्या करता येणाऱ्या, केबलचे कार्डाकडचे टोक सर्वत्र सारखे असले तरी पॉवर सप्लायकडच्या टोकाची पिनरचना ठरलेली नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ती वेगळी असू शकते. चुकीच्या पिनवर १२ व्होल्ट गेले तर कार्डच काय, डिस्कही जळून जाते. पुन्हा ओवण्यात एक संध्याकाळ जाईल, ती जाऊ द्यावी.