मदत हवी आहे: हंटिंग्टनचं जनुक सापडायला दहा वर्षं का लागली?

नमस्कार मंडळी. बारावीला जीवशास्त्र शिकवते. व्हेनेझुएलात माराकाइबो सरोवराकाठी पिढ्यानपिढ्या हंटिंग्टनचा आजार (मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी करणारा आनुवंशिक आजार) सोसणाऱ्या कुटुंबांची वंशावळ अमेरिकी संशोधक नॅन्सी वेक्सलर आणि सहकाऱ्यांनी मांडली, रक्ताचे नमुने गोळा केले. (वेक्सलर यांच्या आईलाही हाच आजार होता.) १९८३ मध्ये चौथ्या गुणसूत्रावर या जनुकाच्या आसपासची खूण (मार्कर, म्हणजे आजारासोबत वारशाने येणारा डीएनएचा ओळखता येणारा तुकडा) सापडली, मग प्रत्यक्ष जनुक हाती यायला १९९३ का उजाडलं? या जनुकात सीएजी या तीन डीएनए-अक्षरांची लागोपाठ आवर्तनं ४० किंवा जास्त झाली की आजार होतो, हे मुलांना पटकन कळतं. अडतं ते खुणेपासून जनुकापर्यंतच्या वाटेवर. ती टप्प्याटप्प्याने, आकृती काढून कुणी समजावेल का? त्या कुटुंबांनी रक्त दिलं म्हणून आज चाचणी आहे. हा भाग वर्गात उरकून टाकायला मन धजत नाही. मराठीतलं काही वाचायला असेल तर तेही जरूर सुचवा.