साचा तोच असला तरी पिना आणि सांधे बघा

ट्रान्सफॉर्मर्स, म्हणजे रोबोचं विमान किंवा गाडी होणारी खेळणी, जुन्याच साच्यातून नव्या रंगात परत काढतात. त्यावर या चर्चेत वर कोणी म्हटलंय, 'नुसता रंग बदलून डोकं नवं बसवलंय, मग परत पैसे कशाला'. ते मला अर्धंच पटतं. १९८४ चे स्टारस्क्रीम, स्कायवार्प आणि थंडरक्रॅकर हे विमान होणारे रोबो एकाच साच्यातले, फरक रंगाचा. पण १९८५ च्या रॅमजेट, थ्रस्ट आणि डर्जला पंख वेगळे दिले आणि विमानाची ठेवणच बदलली. म्हणून आधी नवे भाग मोजा: डोकं एकटंच, की पंख, छाती, हत्यारंही?

रंगाबरोबर बऱ्याचदा प्लास्टिकही बदलतं, हे इथे कोणी लिहिलं नाही. जुन्यात अपारदर्शक असलेली बिजागरी नव्यात पारदर्शक प्लास्टिकची असेल तर जपून, ती ठिसूळ असते. सांध्याच्या आत रंग गेला असेल तर तो घट्ट बसतो. पहिल्यांदा फिरवताना पिनेभोवती पांढरट रेघ उमटली की तिथेच थांबा, सिलिकॉन ग्रीसचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका द्या आणि थोडं थोडं हलवत सैल करा. गंज काढायचे स्प्रे मारू नका, काही प्लास्टिकं त्याने तडकतात.

रत्नागिरी-मालवणकडे जुना नग घेताना तर भिंग लावून पिनांची टोकं बघाच. खाऱ्या दमट हवेत पोलादी पीन गंजते, गंज फुगतो आणि भोवतालचं प्लास्टिक आतून फाकतं. तांबूस डाग दिसला तर रंग कितीही देखणा असो, किंमत पाडून मागा. घरी आणल्यावर पावसाळाभर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या (ओलावा शोषणाऱ्या) पुड्यांसोबत ठेवा. पुड्यांत रंग बदलणारे मणी असतील तर त्यांचा रंग बदलला की पुड्या बदला.