मदत हवी आहे : वाचनालयाच्या भिंतीसाठी सांगलीचे लेखक

नमस्कार मंडळी. वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाची भिंत रंगवून घेतोय. सांगली जिल्ह्यातले लेखक आणि प्रत्येकाची एकच गाजलेली साहित्यकृती, असं ठरलंय. पेंटर गुरुवारी येणार आणि यादी अजून अडलेलीच!

अण्णाभाऊंबद्दल वाद नाही. वाटेगाव आपल्याच तालुक्यातलं, त्यामुळं 'फकिरा' सगळ्यात वर. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) पण पक्की. हरिपूरच्या देवलांचं 'शारदा' (१८९९) घेतलंय. 'संशयकल्लोळ'वाल्यांनी माफ करावं.

घोडं अडलंय गदिमांपाशी. जुनी मंडळी 'गीतरामायण' म्हणून हटून बसलीत. पुणे आकाशवाणीवरची ती ५६ गीतं त्यांना तोंडपाठ आहेत. पोरांचं म्हणणं, ते ऐकायचं, वाचायचं नव्हे. त्यापेक्षा 'जोगिया' लिहा. मला विचाराल तर 'गीतरामायण'च, पुस्तकरूपात आहे की ते. तुमचं मत काय?

दुसरं, वि. स. खांडेकर. जन्म सांगलीचा (१८९८), पण हयात शिरोड्यात आणि कोल्हापुरात गेली. 'ययाति'चं ज्ञानपीठ आपल्या भिंतीवर मिरवावं का?

आणि खरी अडचण ही, की यादीत एकही बाई नाही. सांगलीच्या ताराबाई भवाळकर २०२५ च्या दिल्ली साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या, त्या हव्यातच. मात्र त्यांचं लेखन लोकसाहित्याचं, अभ्यासाचं. नववी-दहावीच्या मुलींना झेपेल असं त्यांचं कुठलं पुस्तक? 'सीतायन' चालेल का? वाचलेल्यांनीच सांगा. जिल्ह्यातल्या आणखी लेखिका सुचवल्यात तर जागा मोकळी ठेवतो.